चढावर बंद पडणारी जीप

आमच्या शहापूरच्या घरासमोर कडुलिंबाखाली एक जीप उभी असते. डिझेलची, चारही चाकांना ताकद देता येणारी, वयानं माझ्याहून थोडी लहान. तानसाकडच्या कुठल्याशा सरकारी खात्यानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव केला, त्यात बाबांनी ती घेतली. घरी आणली त्या दिवशी ते एखादी लढाई जिंकून आल्यासारखे बसले होते. लिलावात तिच्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नव्हती, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे जुन्या आणि जड वस्तूंची मला सवय आहे. भाजी आणायला, आईला डॉक्टरांकडे न्यायला, पुस्तकांचे गठ्ठे वाहायला ती बरी पडते. गावातल्या गावात ती कधी अडून बसली नाही. तिचं दुखणं काय आहे हे मला गेल्या दिवाळीनंतर समजलं.

मावशीच्या मुलाचा फोन आला. भातकापणी आणि झोडणी उरकली की घर बंद करून मी आईला आसनगावला नेतोय, म्हणाला. स्टेशनजवळ त्यानं फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर. इमारतीला परदेशातल्या एका राजवाड्याचं नाव आहे. लिफ्टसाठी खड्डा तयार आहे, लिफ्ट यायची आहे. मावशी राहते ती वाडी मुरबाडच्या पलीकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी आहे. तेच आईचं माहेर. आसनगाव तर शहापूरला चिकटूनच. म्हणजे नकाशावर दोघी बहिणी एकमेकींच्या जवळ येणार होत्या. प्रत्यक्षात आईच्या कमरेला चौथा मजला चढवणार नव्हता आणि मावशीच्या गुडघ्यांना तो उतरवणार नव्हता. फोनचाही उपयोग नाही, कारण मावशीला ऐकू येत नाही.

आई म्हणाली, "ती तिथं हाय तोवर मला एकदा नेऊन आण गो."

मी म्हटलं, तिला खाली म्हसा गावच्या रस्त्यावर आणायला सांगते, आपण तिथं भेटू.

"रस्त्यावर भेटायला ती काय भाजीवाली हाय? मला तिला आपल्या ओटीवर बसलेली बघायचीय. परत ती तिथं दिसायची नाय."

बाबा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती माहेरी गेली नव्हती. वाडीत जायला शेवटी एक चढ आहे. त्या चढावरच्या रस्त्याचं भूमिपूजन माझ्या आठवणीत तीनदा झालं. तिन्ही वेळच्या काळ्या फरशा कडेला अजून शाबूत आहेत, नावं ठसठशीत, सोनेरी रंगात. रस्ता तेवढा दर पावसाळ्यात वाहून जातो. या वर्षी तो इतका गेला होता की वडाप जीपवाले चढाखालीच माणसं उतरवत होते. वर फक्त ट्रॅक्टर जायचा, नाहीतर आमच्या जीपसारखी गाडी. वाडीतली चार माणसं डोली करून न्यायला तयार होती. आई म्हणाली, "नवरी होती तेव्हा चालत उतरली. आता कशाला डोली?" ट्रॅक्टरला तिची कंबर तयार नव्हती. आणि दुसऱ्या कुणाची गाडी मागून आणायला ती स्वतः तयार नव्हती. माहेरी जायचं ते ह्यांच्याच गाडीनं, हे तिच्यापुरतं ठरलेलं होतं.

तर एका रविवारी आम्ही निघालो. मुरबाडला मी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, कारण पुढे पंप नाही आणि मी सावध बाई आहे. म्हशापर्यंत गाडी गुणी मुलीसारखी आली. चढ लागला, मी पुढच्या चाकांचा गिअर टाकला. निम्म्या चढावर, दुसऱ्या भूमिपूजनाच्या फरशीपाशी, तिचा आवाज पातळ झाला. दोन आचके दिले आणि बंद.

सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरत होतं, पेट घेत नव्हतं. बाबा करायचे तसं डिझेल फिल्टरजवळचा हातपंप दाबला, तर तो नेहमीसारखा घट्ट न लागता चिकटून बसल्यासारखा झाला. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती आपली आपण सुरू झाली, एक वळण चढली, पुन्हा बंद. वाडीतली चिंच दिसत होती. आईनं त्या चिंचेकडे बघत सांगितलं, "वळव. अंधार व्हायच्या आत घरी जाऊ." उताराला गाडी तक्रार न करता घरंगळत आली.

शहापूरबाहेर हमरस्त्यावर एक मोठं वर्कशॉप झालंय. काचेची केबिन, कॉफीचं यंत्र, भिंतीवर मालकाचे पुढाऱ्यांसोबतचे फोटो. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं मला मॅडम म्हणून बसवलं आणि हातात स्कॅनर घेऊन जीपखाली, जीपवर, डॅशबोर्डमागे तो खोचायची जागा शोधत राहिला. जीप घडवली तेव्हा असलं काही खोचायची कल्पनाच नव्हती. शेवटी त्यानं मला एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, संपर्क होऊ शकला नाही. मी कागद घडी घालून घेतला आणि मुरबाडच्या मिस्त्रींकडे गेले.

हे मिस्त्री बाबांच्या वेळचे. गॅरेजपेक्षा पाटी मोठी. विनयाशी त्यांचा संबंध आला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी निदान केलं.

"एअर धरते, ताई. हवा घुसते पायपात. मला आवाजावरनं कळतं."

"ती आत्ता बंद आहे."

"बंदचा पण आवाज असतो."

त्यांनी फिल्टर बदलला, पायपांच्या जोडावरचे तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली. टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, डिझेल स्वच्छ आहे म्हणाले. गाडी सुरेख चालली. मी एकटीच टाकी भरून चढावर गेले. त्याच फरशीपाशी बंद.

दुसऱ्यांदा त्यांनी तितक्याच खात्रीनं सांगितलं, फीड पंप. म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप. तो बदलला. झाकण उघडलं, डोकावले, लावलं. मी टाकी वरपर्यंत भरून पुन्हा चढावर. फरशी, आचके, शांतता. त्या फरशीवरची नावं मला आता पाठ झाली होती.

इकडे मावशीच्या मुलाचा फोन आला की झोडणी झालीय, येत्या सोमवारी सामान ट्रॅक्टरनं खाली आणायचं, तिथून टेम्पोनं न्यायचं. आई जेवताना काही विचारत नव्हती, पण मी घरी आले की आधी माझ्या हातांकडे बघायची. हात काळे असले की समजायची, अजून नाही झालं.

तिसऱ्यांदा मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही गॅरेजमध्ये बरी करता आणि ती चढावर आजारी पडते, तेव्हा तुम्हीच चढावर चला. ते आले. येताना एक प्लास्टिकचा कॅन आणि लांब नळी आणली.

"सलाईन लावू या," म्हणाले.

चढाखाली त्यांनी टाकीची नळी सोडवली, कॅन टपाच्या दांडीला उंचावर बांधला आणि त्यातून डिझेल थेट फीड पंपाला दिलं. ताज्या इंजेक्शनावर असल्यासारखी जीप चढली. दुसरी फरशी ओलांडली, तिसरी ओलांडली, पार वाडीच्या तोंडाशी गेली.

"पेशंट ठणठणीत हाय. खाणंच पोचत नाय त्याला," मिस्त्री म्हणाले. "माझं आधीपासूनच म्हणणं होतं."

"तुमचं म्हणणं फीड पंप होतं."

"ते पण खाण्याचंच झालं ना, ताई."

मग सलाईन काढून टाकीची नळी जोडली आणि पुन्हा खालून निघालो. आपल्या फरशीपाशी ती बंद पडली. मिस्त्री उतरले आणि सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं. या वेळी मी शेजारीच होते, म्हणून ऐकू आलं. कुकरची शिटी उचलताना होतो तसा फुस्स आवाज, पण हवा आत जातानाचा. आणि पाठोपाठ टाकीचा पत्रा आतून टण्ण वाजला, पोटाचा खळगा भरून आल्यासारखा. त्यांनी हातपंप दाबला. डिझेल आलं. गाडी सुरू झाली.

आम्ही दोघांनी झाकणाकडे पाहिलं.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल बाहेर येत नाही, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही माहीत असतं. डिझेल जातं तिथं हवा यावी लागते, म्हणून टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. आमच्या झाकणाचं भोक बुजवलेलं होतं, आणि खाली टायरच्या ट्यूबमधून कापलेला घट्ट रबराचा वायसर होता. टाकी अर्धी असली की आतल्या रिकाम्या जागेतली हवा ताणून ताणून पुरते. टाकी गच्च भरली, की चारदोन लिटर जळेपर्यंत आत इतकी पोकळी होते की पंपाला ओढवत नाही. मी शहाणपणानं दर वेळी टाकी भरत होते. मिस्त्री दर वेळी झाकण उघडून नकळत गाडी बरी करत होते.

"पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून आपल्याकडं निम्मे लोक हे भोक बुजवतात," मिस्त्रींनी सांगितलं. "कोण मेण लावतो, कोण डांबर, कोण वरनं पिशवी बांधतो. इकडच्या पावसाला भिऊन. मग गाडी पडली की शिव्या मिस्त्रीला."

पण हे मेण किंवा डांबर नव्हतं. आतल्या बाजूनं कथलाची झाळ होती, वाटाण्याएवढी, गुळगुळीत. इतकी स्वच्छ झाळ बाबाच मारत. रेडिओ दुरुस्त करायचा त्यांना नाद होता.

भोक पाडायला काही मिळतंय का म्हणून मिस्त्रींनी सीटखालची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी एका फडक्यात गुंडाळलेलं दुसरं झाकण निघालं. तसंच, त्याच मापाचं. याला भोक होतं.

"हे चांगलं असताना ते कशाला लावलंय?" मिस्त्री म्हणाले. त्यांनी भोकाचं झाकण लावलं, स्वतःच स्टिअरिंगला बसले आणि चढ चढून उतरून दाखवला. मी मात्र ते बुजलेलं झाकण हातात घेऊन फरशीवर बसून होते.

आमच्या घरी तेव्हा नियम होता की सुनेनं दिवेलागणीला घरात असावं. माहेरी जावं, भेटावं, संध्याकाळी परत यावं. गुरं होती, माणसं होती, आजीचा शब्द होता. वर्षातून एकदा, भात घरात आलं की बाबा आम्हाला घेऊन निघत. मुरबाडला टाकी भरताना पंपावरच्या माणसाला म्हणत, "अजून मावेल. अजून." डिझेल कडेनं सांडेपर्यंत. एरवी हाच माणूस पाच-पाच लिटरनं डिझेल घालणारा. चढ कसाबसा पार व्हायचा, आणि मावशीच्या अंगणात शिरता शिरता जीप बंद. बाबा बोनेट उघडून आत वाकत. दुपार जाई, उन्हं कलत, ते पाना शोधत राहत. मग हात झटकून सांगत, "आज काही खरं नाही. सकाळी बघू." सकाळी ती एका झटक्यात सुरू होत असे. रात्रभरात झाकणाच्या कडेनं थोडी थोडी हवा आत गेलेली असणार. आई वर्षातली ती एक रात्र बहिणीच्या शेजारी झोपायची. मला आठवतं ते दोघींचं हसणं, पांघरुणातलं, आवाज दाबून.

शेवटच्या फेरीनंतर बाबा आजारी पडले. परत भोकाचं झाकण लावायचं राहून गेलं.

रविवारी मी आईला घेऊन निघाले. टाकी भरली. चढावर आई फरशा मोजत असावी. दुसरी मागे पडली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. तिसरी मागे पडली. जीप मावशीच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि मी बंद करेपर्यंत चालू होती.

मावशी ओटीवर बसली होती. भोवती पोती, दोरीनं बांधलेले हंडे, गुंडाळलेल्या गाद्या. मी आणि मावशीच्या मुलानं आईला धरून दोन पायऱ्या चढवल्या आणि मावशीच्या शेजारी बसवलं.

"दोन वर्षांनी आली," मावशी म्हणाली. ऐकू येत नसल्यामुळे ती बोलते ते सगळ्या वाडीला कळतं. "मी मेली का बघायला आली?"

"मेली असती तर एवढा चढ चढली असती का मी?" आई तिच्या कानाशी ओरडली.

"काय?"

"जाड झालीस, म्हणते."

"तूच जाड. लहानपणापासनं." मावशीनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तिथंच ठेवला.

घराच्या आत मी डोकावले. चूल मोडून विटा एका कोपऱ्यात रचल्या होत्या. चहा शेजारच्या घरातून आला. त्या दोघी कोण कुठल्या सालात गेलं यावर भांडत होत्या आणि दोघींनाही आठवत नव्हतं.

मग मी आईला झाकणाची गोष्ट सांगितली. झाळ, दुसरं झाकण, पंपावरचं "अजून मावेल". सांगावं की नाही हे मला ठरवता आलं नव्हतं. बाबांवर ती आयुष्यभर या जीपवरून बोलत आली होती. खटारं, भंगार, माझ्या माहेरात माझी शोभा करणारं.

आई ऐकत राहिली. शेवटी ती म्हणाली, "मला वाटायचं माझ्यामुळं बंद पडते."

"तुझ्यामुळं?"

"चढाखाली वाघोबाचा दगड हाय ना. तिथनं जाताना मी मनात सांगायची, बंद पाड रे आज. एक रात बंद पाड. आणि पडायची. मग हे तास न् तास वाकून बसायचे, हात काळे व्हायचे, आणि मला जीव नकोसा व्हायचा. घरी गेल्यावर आणखी ओरडायची मी त्यांना. बोलणार तरी काय?"

मी देवळात जाणारी बाई नाही. वाघोबाच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच, की त्याचा निकाल कधी चुकला नाही.

"काय सांगते ती? काय?" मावशीनं आईला ढोसलं.

आईनं तिच्या कानाला तोंड लावून सगळं ओरडून सांगितलं. झाळ हा शब्द तीनदा. मावशीचा मुलगा पोतं उचलता उचलता थांबला.

"मला ठाऊक व्हतं," मावशी म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी बघितलं. तुझा नवरा बोनेट उघडायच्या आधी माझ्या चुलीवरच्या टोपाच्या बुडाला पुसून हात काळे करून गेला. म्हटलं, हा राहतोय आज. भात वाढवला मी."

"आणि मला सांगितलं नायस?"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का? पळत सांगायला गेली असतीस सासूकडं, सत्यवादी कुठली." हे शेवटचं तिनं इथं लिहिता न येणारं विशेषण लावून म्हटलं, आणि ती हसली. आई हसली नाही. पदर तोंडाशी धरून ती अंगणातल्या जीपकडे बघत राहिली, जिथं बाबा वाकून उभे असत त्या बाजूला.

उन्हं सरकत गडाच्या माथ्यावर गेली. मला आईला विचारायचं होतं, राहायचं का. आता कुणाची परवानगी लागत नव्हती. आजी नाही, गुरं नाहीत, दिवेलागणीला आमच्या घरात दिवा बटणानं लागतो आणि कुणी लावला नाही तरी कुणी विचारत नाही. पण गाद्या बांधून झाल्या होत्या. मावशी आणि तिचा मुलगाच त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपणार होते. राहायला फक्त घर नव्हतं.

"चल," आईच म्हणाली.

तिला पुढच्या सीटवर बसवलं. तिनं गुडघ्यावर हात ठेवले आणि समोर बघत बसली. मी किल्ली फिरवताना क्षणभर थांबले. खरं सांगायचं तर मी इंजिनाला वेळ देत होते. त्याला तो नको होता. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं, मिस्त्रींनी पाटीवर लिहावं इतकं सुरेख.

"बरी केलीस गाडी," आई म्हणाली.

मावशी गुडघे धरत पायऱ्या उतरली आणि जीपसमोर आली. इंजिन चालू आहे की नाही ते तिला ऐकू येत नव्हतं. तिनं तळवा बोनेटवर ठेवला. पत्रा थरथरत होता. तिच्या बांगड्या त्याबरोबर किणकिणत होत्या. तिला कळलं. तरी तिनं हात काढला नाही. ती काचेतून आईकडे बघत होती आणि आई तिच्याकडे. मला गाडी वळवायला मागे घ्यायची होती. मी गिअर टाकला नाही, हॉर्नही दिला नाही. डिझेल जळत राहिलं.